व्हाइटनिंगनंतर दातांत सणक जाते, दुसरी सिटिंग घेऊ का?

मुक्ता_रामबाग
परवा दवाखान्यात दातांचं व्हाइटनिंग करून घेतलं. जेल लावलं, वरून निळा लाइट. तेव्हा काही जाणवलं नाही. संध्याकाळपासून मात्र वरच्या पुढच्या दातांत अचानक सणक जाते आणि क्षणात थांबते, काही खाल्लेलं नसलं तरी. गार पाण्याने तर जीवच जातो. काल घरी पोहे-जलेबी आणली होती, जलेबीच्या पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. शिवाय डाव्या सुळ्यामागच्या दाताचं काही वेगळंच आहे. तो कोमट चहानेही ठणकतो आणि चहा संपला तरी ठणकतच राहतो. दवाखान्यात फोन केला तर "होतं असं" म्हणाले. पुढच्या महिन्यात दादाचं लग्न, दुसरी सिटिंग त्याआधी ठरली आहे. आई म्हणते लवंगेचं तेल लाव. काय करू?

लोकमान्यनगरच्या_काकू
मुक्ता, मी निवृत्त दंतवैद्य. तुझ्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नकोस.

पुढच्या दातांची सणक जेलमुळे. दवाखान्यातल्या जेलमध्ये साधारण 25 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, आणि त्याखालच्या डेंटिनच्या थरातून झिरपत काही मिनिटांत आतल्या नसेपर्यंत जातं. म्हणूनच आतले डाग निघतात आणि म्हणूनच नस चिडते. बहुतेकांचं दोन-चार दिवसांत निवतं. हिरड्या खाली सरकलेल्या असतील किंवा घासून घासून मुळाशी खाच पडली असेल, तर जरा जास्त रेंगाळतं.

5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट आण, नाव वेष्टणावर वाचूनच घे. रात्री ब्रश झाल्यावर बोटाने दातांवर चोळ, काही मिनिटं राहू दे, थुंक, चूळ भरू नकोस. तिचा पूरा गुण यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून मी पेशंटना व्हाइटनिंगच्या आधीच सुरू करायला सांगायचे. लिंबू, सोडा, चिंचेचं पाणी तूर्त बंद. थंडीत इंदुरात राहून तळलेल्या गराडूवर (कंदावर) लिंबू पिळू नको म्हणणं मलाही जिवावर येतं, पण आंबट लागलं की दात आणखी सणकतात. चुकून खाल्लंच तर लगेच ब्रश करू नको, अर्धा तास जाऊ दे. लवंगेचं तेल नको. पेरॉक्साइडने हिरडी आधीच हुळहुळी असते, तेलाने भाजते.

आता तो एक दात. गार लागून लगेच थांबलं तर काळजी नाही. गरम लागून नंतरही ठणकत राहिलं, तर आत कीड, तडा किंवा गळकं फिलिंग असू शकतं आणि नस खरोखर सुजलेली असते. त्याला टूथपेस्ट पुरत नाही. एक्स-रे काढून घे. तुझे डॉक्टर टाळत असतील, तर एमवाय हॉस्पिटलसमोरच्या सरकारी डेंटल कॉलेजात जा. तो दात नीट होईपर्यंत दुसरी सिटिंग अजिबात नको.

सुदामानगर_७
मला डॉक्टरांनी घरी लावायचे ट्रे दिले होते, 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे. रंग हळू बदलला पण सणक फारच कमी. मुक्ताताई, कॅप किंवा पुढे सिमेंट भरलेलं असेल तर त्याचा रंग बदलत नाही, हेही आधी विचारून घ्या. आणि पहिल्या दिवशी दात जास्तच पांढरे दिसतात, कारण ते कोरडे पडलेले असतात. थोडे उतरले म्हणून घाईने पुन्हा करू नका.

मुक्ता_रामबाग
काकू, टॉर्च लावून आरशात पाहिलं. त्या दातात शाळेत असताना भरलेली चांदी आहे आणि तिच्या कडेला काळी रेघ दिसते. सिटिंग रद्द केली, सोमवारी जाते. एक्स-रे सगळ्या दातांचा काढायचा का?

लोकमान्यनगरच्या_काकू
नको, त्या एका दाताचा छोटा पुरे. चांदी केव्हा भरली ते सांग, आणि गरमाचा ठणका किती वेळ राहतो तेही घड्याळ लावून बघून जा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.