एलआयसी पडला, विकू की ठेवू? लवकर सांगा

घाईत_आहे: एलआयसीच्या आयपीओत (पहिल्या शेअर विक्रीत) शेअर लागले होते, आज १७ मे २०२२ ला लिस्ट झाला तर डिस्काउंटमध्ये, ९४९ चा इश्यू एनएसईवर ८७२ ला उघडला. सगळे म्हणत होते सरकारी आहे, डोळे झाकून भर, जीएमपी (लिस्टिंगआधी ग्रे मार्केटमध्ये मिळणारा वरचा भाव) पण आधी चांगला होता. उद्या बाजार उघडायच्या आत ठरवायचंय. प्लीज 'स्वतः अभ्यास करा' सांगू नका, तेवढा वेळ नाहीये.

आकडेमोड: किती शेअर? कुठल्या कोट्यातून? पॉलिसीधारकांना ९४९ वर ६० रुपये सूट म्हणजे ८८९ ला पडला, रिटेलला ४५ म्हणजे ९०४ ला. पैसे कधी लागणारेत तेही लिहिलं नाहीत.

जुना_बोरिवलीकर: विका आणि मोकळे व्हा. २००८ ला रिलायन्स पॉवर ४५० ला आला, पहिल्याच दिवशी ३७२ ला बंद. पेटीएमचंही तेच, २१५० चा त्याच संध्याकाळी १५६४. गाजावाजा झाला की समजायचं.

टवाळ: काका सगळ्या धाग्यांवर रिलायन्स पॉवर घेऊन येतात 😄 झोमॅटो ७६ चा ११६ ला उघडला तेव्हा लोक नाचत होते, आज ७६ च्या खाली आहे. पहिल्या दिवसावरून काय घंटा कळतं?

जुना_बोरिवलीकर: अरे मग पहिल्या दिवशी विकलेलंच बरं ना, मी वेगळं काय म्हणतोय!

सुमीकाकू: माझी जीवन आनंद आहे, ९ हप्ते भरलेत. सरेंडर केली तर किती मिळतील?

विमावाला_नगर: काकू घाई नको, व्यनि (खाजगी मेसेज) करा. बाकी ज्यांचं डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) नाही त्यांना ते उघडायला पॅन, आधार आणि कॅन्सल चेक लागेल.

आकडेमोड: डीमॅट नसताना शेअर लागतील कसे साहेब? असो. हा इश्यू पूर्ण ओएफएस (म्हणजे नवे शेअर नाहीत, जुन्या मालकाचेच विकायचे) होता, सरकारने आपले साडेतीन टक्के विकले, साधारण २१ हजार कोटी सरकारकडे गेले, धंदा वाढवायला कंपनीला दमडी नाही. एम्बेडेड व्हॅल्यू (कंपनीची मालमत्ता अधिक चालू पॉलिसींतून पुढे येणारा नफा) सप्टेंबर २०२१ ची ५.३९ लाख कोटी आणि ९४९ च्या भावाने अख्खी कंपनी ६ लाख कोटींची, म्हणजे १.१ पट. खाजगी विमावाले याच्या कितीतरी वरच्या पटीत मिळतात, त्या हिशोबाने स्वस्त, पण धंद्यातला वाटा तेच खातायत हेही बघा. जूनच्या मध्याला अँकरवाल्यांचा (इश्यू उघडायच्या आधी शेअर घेतलेल्या मोठ्या संस्थांचा) अर्धा लॉक-इन, म्हणजे विकायची बंदी, सुटेल, तेव्हा अजून दाब येऊ शकतो. वर्षभर बघायचं नसेल तर ठेवू नका. पण किती शेअर ते सांगा हो!

घाईत_आहे: आईच्या पॉलिसीवर भरला, १४ लॉट. त्यासाठी एफडी मोडली.

आकडेमोड: भरले किती नाही, लागले किती?

घाईत_आहे: एक लॉट. १५ शेअर.

टवाळ: बीएसईला बंद ८७५.४५. म्हणजे ८८९ च्या मानाने शेअरमागे १३.५५ तोटा, गुणिले १५. दोनशे तीन रुपये!! ह्याच्यासाठी आम्ही रात्रीचे जागतोय 🙏

जुना_बोरिवलीकर: दोनशे असो की दोन लाख, तत्त्व तेच.

मुंग्या: त्याहून जास्त व्याज एफडी मोडून घालवलं असेल. पॉलिसीवाल्यांचा कोटा सहापट भरला होता, १४ लॉट लागणार नव्हतेच.

घाईत_आहे: हो ना, आता न लागलेल्या शेअरचे १ लाख ७३ हजार बँकेत अनब्लॉक होऊन नुसते पडलेत, ते कुठे टाकू ते सांगा. शेअरचं आईनेच ठरवलं. म्हणे विकायचे नाहीत, एलआयसी आहे, मॅच्युरिटीला बघू.

सुमीकाकू: माझ्या सरेंडरचं कुणी सांगणार आहे का?