रजिस्ट्रीवर नाव असताना रोजचं आयुष्य कसं काढता? (आई, गणपती आणि भाड्याची खोली)

नाव_नको_सध्या

नमस्कार मंडळी. नवीन आयडी काढून लिहितोय कारण जुन्या आयडीवर इथले निम्मे लोक मला ओळखतात. मी कॅलिफोर्नियात, बे एरियात असतो, वय ४०. शाळेत असताना आईबाबांबरोबर इथे आलो, सिटिझन आहे. बाबा रिटायर झाल्यावर ते दोघं कोल्हापूरला परत गेले, आता बाबा नाहीत, आई एकटीच आहे.

२०१३ मध्ये माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि मला शिक्षा झाली. तपशील लिहीत नाही. त्यात आणखी एक व्यक्ती आहे, तेव्हा ती अल्पवयीन होती, तिचं काय झालं ते सांगणं माझ्या हक्कातलं नाही. जेल झालं, प्रोबेशन संपलं, थेरपीचे सगळे ग्रुप केले. आता राहिलीय ती रजिस्ट्री, म्हणजे लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची सरकारी यादी. इथे २०२१ पासून टिअर (पायऱ्या) आले, टिअर वन १० वर्षं, टू २० वर्षं, थ्री जन्मभर. मी टू मध्ये आहे, म्हणजे सुटल्यापासून धरलं तर २०३५, आणि तेव्हाही नाव आपोआप जात नाही, कोर्टात अर्ज करायचा, सरकारी वकील हरकत घेऊ शकतो.

दरवर्षी वाढदिवसाच्या (माझा सप्टेंबरात असतो) आगेमागे ५ वर्किंग डेजमध्ये पोलीस स्टेशनला जाऊन रजिस्टर करावं लागतं, पत्ता बदलला तर परत ५ दिवसांत. गेल्या वर्षी खिडकीवरच्या बाईने फॉर्मवरची तारीख बघून सवयीने हॅपी बर्थडे म्हटलं आणि मग आम्ही दोघंही बोटांचे ठसे घेणाऱ्या मशीनकडे बघत बसलो. आता हसू येतं, तेव्हा घरी येऊन दोन दिवस झोपून होतो.

अजून एक गंमत म्हणजे राज्याच्या ज्या वेबसाइटवर माझा फोटो आहे ती मी स्वतः उघडायची नाही, नाव रजिस्टर असलेल्या माणसाने ती उघडली तर तोच गुन्हा. त्यामुळे माझं पान मी पहिल्यांदा पाहिलं ते प्रिंट काढून आमच्या बिल्डिंगच्या मेलबॉक्सला सेलोटेपने चिकटवलेलं. उंची, वजन, कलम, आणि फोटोत मी निळा शर्ट घातलेला, जो आईने पाठवला होता. पुढच्या महिन्यात घरमालकाने लीज रिन्यू करणार नाही म्हणून कळवलं, कारण काही दिलं नाही.

तर प्रश्न तीन आहेत. एक, खोली शोधताना आधीच सांगता की बॅकग्राउंड चेक होईपर्यंत गप्प बसता? दोन, आईचा गुडघा गेलाय, ऑपरेशन सांगितलंय, मला भारतात जाता येईल का? तिला वाटतं माझी केस कंपनीतल्या पैशांच्या भानगडीची होती, बाबांनी तसंच सांगितलं होतं. आणि तीन, हा मूर्खासारखा वाटेल, पण सप्टेंबरमध्ये मंडळाचा गणपती आहे. बारा वर्षं गेलो नाही. बंदी नाहीये माझ्यावर, पण हॉल भरून लहान मुलं असतात. एक मित्र म्हणतो ये, आरतीला मागे उभा राहा आणि जा. जावं का?

घाटावरचा

असल्या लोकांना चर्चेला जागा कशाला देता? उत्तरं देणाऱ्यांनाही लाज वाटायला पाहिजे.

फाईलवाली

घाटावरचा, तुम्ही नका देऊ उत्तर, मी देते. माझा नवरा याच यादीत आहे, त्याच राज्यात, नऊ वर्षं झाली. त्याने केलं ते मला मान्य नव्हतं आणि नाही, मी का राहिले हा वेगळा विषय आहे आणि त्याचं उत्तर माझ्या सासूलाही मी दिलेलं नाही.

पहिलं काम म्हणजे एक जाड फाईल घ्या, प्लास्टिकचे खिसेवाली. रजिस्टर केल्याची प्रत्येक पावती, फॉर्मची कॉपी, कुठल्या तारखेला किती वाजता गेलात, खिडकीवर कोण होतं, फोन केला असेल तर त्याचीही नोंद, सगळं त्यात. आमच्याकडे एकदा नवरा वेळेवर जाऊन आला आणि त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदच नाही, पोलीस दारात, मुलगा आत होमवर्क करतोय. ती पिवळी पावती नसती तर नवा गुन्हा लागला असता. आणि पाचव्या दिवसावर कधीच ठेवू नका, बऱ्याच ठिकाणी अपॉइंटमेंट लागते आणि ज्या दिवशी तुम्ही जाल त्याच दिवशी तो ऑफिसर ट्रेनिंगला असतो. तुमचा वाढदिवस सप्टेंबरात म्हणजे मध्ये लेबर डेची सुट्टी पण येऊ शकते. आत्ताच फोन करा.

खोलीचं. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये अर्ज भरून चाळीस पन्नास डॉलर फी घालवू नका, तिथे माणूस निर्णय घेत नाही, सॉफ्टवेअर घेतं. एकट्यादुकट्या मालकाकडे जा आणि चेकच्या आधी तोंडाने सांगा, वर्ष, कलम, शिक्षा पूर्ण, प्रोबेशन पूर्ण, थेरपिस्टचं पत्र हे घ्या. रडू नका आणि बाजू मांडत बसू नका. आम्हाला अकरा जणांनी नाही म्हटलं, बाराव्या आजोबांनी विचारलं भाडं वेळेवर देता का. त्या वेबसाइटवरची माहिती घर नाकारायला वापरू नये असं कायद्यातच लिहिलंय, धोक्यात असलेल्या माणसाच्या संरक्षणासाठीचा अपवाद सोडून, पण हे मालकाला ऐकवून घर मिळत नाही हेही खरं. आणि मेलबॉक्सवरचा कागद पुन्हा दिसला तर फाडून टाकायच्या आधी फोटो काढून ठेवा. कुणी धमकी दिली तर पोलिसांत जायचा तुम्हालाही हक्क आहे.

नोकरीचं विचारलं नाहीत तरी सांगते, पाच किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला इथे २०१८ पासून ऑफर देण्याआधी गुन्ह्याची चौकशी करता येत नाही. ऑफरनंतर करतात. नवरा आता एका गोडाऊनमध्ये रात्रपाळीला स्टॉकचं बघतो, आधी डेटाबेसचं काम करायचा. पगार अर्धा. चालतंय.

लेस्टरकर

मी इंग्लंडमधून, माझा मोठा भाऊ आमच्याकडच्या रजिस्टरवर आहे. आमच्याकडे यादी लोकांना दिसत नाही, वेबसाइट वगैरे प्रकार नाही, पोलिसांकडेच असते. मूल ज्याच्याजवळ आहे अशा एखाद्या माणसाबद्दल पालकांना शंका असेल तर ते पोलिसांना विचारू शकतात, त्याला सारा'ज लॉ म्हणतात. पण बंधनं कमी नाहीत हां. तीन दिवसांत पत्ता, बँक अकाउंट, पासपोर्ट सगळं कळवायचं, परदेशी जायचं तर सात दिवस आधी, आणि १८ खालचं मूल असलेल्या घरात १२ तास किंवा जास्त राहिला तर तेही कळवायचं. म्हणजे दिवाळीला भाऊ दिवसभर माझ्याकडे असला की पोलिसांना कळवावं लागतं, माझी मुलगी चौदाची आहे. आम्ही तिला वयाला झेपेल एवढं सांगितलंय. न सांगता ठेवलं असतं तर मी भाऊ म्हणून बरा ठरलो असतो, बाप म्हणून नाही. तो रात्री हॉटेलवरच झोपतो, हे त्यानेच ठरवलं.

ऑफिसर न सांगता घरी येतात. भाऊ म्हणतो पहिल्या वर्षी बेल वाजली की पोटात गोळा यायचा, आता चहा विचारतो, ते घेत नाहीत.

एक सांगतो, स्वतःच्या डोक्यात पुन्हा काही चुकीचं यायला लागलं तर इथे स्टॉप इट नाऊ म्हणून हेल्पलाइन आहे, नाव न सांगता बोलता येतं, अमेरिकेतही त्याच नावाची आहे. आपल्या माणसांना थेरपी संपली की विषय संपला असं वाटतं. संपत नाही. भाऊ अजून महिन्यातून एकदा जातो.

सावनी७९

तीनदा लिहून खोडलं, आता पाठवतेच.

मी नऊ वर्षांची असताना जवळच्या नात्यातल्या माणसाने माझ्याशी जे करायचं ते केलं. सांगली जिल्ह्यात, वाड्यात, मे महिन्याच्या सुट्टीत. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ ला आला, तोपर्यंत माझं लग्न होऊन गेलं होतं. कुठली केस नाही, कुठली यादी नाही. भारतात २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस आहे, साडेचार लाखांच्या आसपास नावांनी सुरू केला, पण तो फक्त पोलिसांना दिसतो आणि त्यात नाव यायला आधी कुणीतरी तक्रार करावी लागते ना. तो माणूस अजून लग्नात पहिल्या पंगतीला बसतो आणि मी माझ्या मुलीचा हात धरून हॉलच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे बंधनं मी पाळते. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय, शिव्या द्यायला नाही.

आता, तुम्ही 'हातून चूक झाली' असं लिहिलंय. दुधाचं पातेलं उतू जातं ती चूक. तुम्ही गुन्हा केलात, आणि 'हातून' नाही, तुम्ही केलात. हे वाक्य आईसमोर किंवा त्या घरमालकासमोर असंच बोलणार असाल तर मी मालक असते तर मीही दार लावलं असतं.

गणपतीचं. नका जाऊ. कायदा अडवत नसेल, पण त्या हॉलमध्ये माझ्यासारखी एखादी असणारच, आणि तिला तुम्ही कोण ते नंतर वेबसाइटवरून कळलं तर तिचे पुढचे सगळे गणपती गेले. जायचंच असेल तर कमिटीतल्या दोघांना आधी स्पष्ट सांगा आणि ते नाही म्हणाले तर नाही. मित्राच्या भरवशावर मागच्या दाराने जाणं म्हणजे पुन्हा लपवणंच.

आकडेमोड्या

सावनीताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून. पण रजिस्ट्रीने मुलं सुरक्षित होतात हे इतकं सरळ नाही. तुम्हीच म्हणालात, तो माणूस नात्यातला होता, बहुतेक केसेसमध्ये ओळखीचाच असतो, वेबसाइटवरचा अनोळखी नाही. अमेरिकन न्याय खात्याने २००५ ला सुटलेल्या कैद्यांचा ९ वर्षं मागोवा घेतला, लैंगिक गुन्ह्यात सुटलेल्यांपैकी ७.७ टक्के परत तशाच गुन्ह्यात पकडले गेले. आणि १९९४ चा पहिला केंद्रीय कायदा ज्या जेकब वेटरलिंगच्या (पळवून नेऊन मारलेला मुलगा) नावाने आहे त्याच्या आईनेच पुढे जाहीरपणे म्हटलंय की हे फार ताणलं गेलंय.

सावनी७९

त्याच अहवालात बाकीचे सुटलेले कैदी २.३ टक्के आहेत, तो आकडा का गाळलात? आणि ७.७ म्हणजे पकडले गेलेले. माझ्यावालाही शून्य टक्क्यांत धरला जाईल. जेकबच्या आईबद्दल बरोबर आहे, मी वाचलंय. पण न्यू जर्सीतल्या मेगनच्या (समोरच्या घरातल्या माणसाने मारलेली लहान मुलगी) आईबापांना समोरच्या घरात कोण राहतं ते माहीत नव्हतं, तेही खरंच आहे. दोन्ही आया खऱ्या. मी या धाग्यावर आता आकड्यांवर बोलणार नाही.

फाईलवाली

गणपतीबद्दल सावनीताईंशी सहमत. आम्ही घरीच दीड दिवसाचा बसवतो, नवरा उकडीचे मोदक करायला शिकलाय, कळ्या बऱ्या येतात, पारी जाडच.

प्रवासाचं राहिलं होतं. गुन्हा अल्पवयीन व्यक्तीबाबत असल्याने २०१६ चा इंटरनॅशनल मेगन'स लॉ तुम्हाला लागू आहे. निघायच्या २१ दिवस आधी जिथे रजिस्टर करता तिथेच प्रवासाचं सगळं कळवायचं, विमान, तारखा, कुठे राहणार. आमच्या खिडकीवरच्या बाईला तो फॉर्मच माहीत नव्हता, आम्हीच प्रिंट नेला आणि दिल्याचा शिक्का मागून घेतला (फाईल!). न कळवता गेलात तर केंद्रीय गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत. पासपोर्टच्या आत तुम्ही कोण आहात ते छापलेलं असतं, जुना पासपोर्ट असेल तर तो रद्द होऊ शकतो, तेव्हा तिकीट काढायच्या आधी ते बघा. आणि इकडून तिकडच्या सरकारला आधीच कळवलं जातं. आत घ्यायचं की नाही ते तिकडचं इमिग्रेशन ठरवणार, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असलं तरी. माझ्या नवऱ्याला एका देशातून त्याच विमानाने परत पाठवलंय, भारत नव्हता तो, पण खुर्चीत बसवून ठेवलेले ते सात तास त्याला अजून आठवतात. वकिलाला विचारल्याशिवाय परत न मिळणारं तिकीट काढू नका. अमेरिकेतल्या अमेरिकेतही सांभाळा, प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, फ्लोरिडात तर वर्षभरातले मिळून तीन दिवस झाले की रजिस्टर करावं लागतं.

आणि त्यामुळेच आईला आधी सांगा. विमानतळावरून परत आलात तर तेव्हा फोनवर कुठली पैशांची भानगड सांगणार आहात?

नाव_नको_सध्या

उशीर झाला उत्तराला. सगळं दोनदा वाचलं. सावनीताई, तो शब्द बदलणार होतो, पण मग तुमच्या उत्तराचा संदर्भ लागणार नाही म्हणून तसाच ठेवलाय. गणपतीला जात नाही, मित्राला का ते पण सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

ऑपरेशनला मामेबहीण थांबणार आहे. वकिलाशी बोललो, तो म्हणाला आधी पासपोर्टचं काय ते होऊ दे, घाई करू नका, मग जानेवारीत बघू.

रविवारी आईला फोन केला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी चालू. सांगितलं. पैशांचं नव्हतं, बाबांना माहीत होतं, मी गुन्हा केला, मुलगी १५ वर्षांची होती. बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं लाईन गेली. मग विचारलं, ती मुलगी आता कशी आहे? मी म्हटलं मला माहीत नाही, कोर्टाची ऑर्डर आहे, संपर्क करता येत नाही. आई म्हणाली, संपर्क कर म्हणत नाहीये मी, विचारतेय. आणि गॅस बंद करायला गेली, परत फोनवर आली नाही. काल बहिणीच्या फोनवरून मेसेज आला, ऑपरेशनची तारीख कळवलीय, बाकी काही नाही.

अपॉइंटमेंट मिळाली, मंगळवारी सव्वानऊ. फाईल घेतली, खिसेवाली.