गणपतीचा हिशोब: कंस टाका हो काका

बी-२०४ ताई: काका हिशोबाचा मेसेज बघितला, जमा मध्ये ३६ × ५०० + १०० लिहिलंय आणि पुढे २१,६००. असं लिहिलं तर १८,१०० येतात हो

ए-१०१ काका (खजिनदार): अगं ५०० वर्गणी आणि १०० महाप्रसादाचे, दोन्ही प्रत्येक घराकडून. ३६ घरं.

बी-२०४ ताई: मग ३६ × (५०० + १००) लिहा ना. कंस नसला की गुणाकार आधी होतो, मग ते १०० सगळ्या बिल्डिंगमधून एकदाच घेतल्यासारखे दिसतात, साडेतीन हजारांचा फरक पडतो

सी-३०३ दादा: दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर १०० + ३६ × ५०० केलं तर ६८,००० 😳 मोबाईलवर १८,१००

बी-२०४ ताई: साधा कॅल्क्युलेटर जशी बटणं दाबाल तसं करत जातो दादा, आधी १३६ केले मग ५०० ने गुणले. मोबाईलवाला गुणाकार आधी करतो, तो बरोबर

ए-१०१ काका: पण शिल्लक तर बरोबर आहे ना? २१,६०० − ८,००० + १,५०० = १२,१००. मंडप आणि जेल रोडवरून आणलेली लायटिंग. कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) प्रमाणे बेरीज आधी केली.

बी-२०४ ताई: काका शिल्लक १२,१०० च आहे, पण जे लिहिलंय त्याचं उत्तर १५,१०० येतं. बेरीज वजाबाकी एकाच पायरीवर असतात, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं, "बे" आधी आणि "व" नंतर असं नसतं. म्हणजे तुमच्या ओळीत लायटिंगचे १,५०० खर्च न होता परत जमा झालेत, उद्या ऑडिटला कोणी नियमाने वाचलं तर ३,००० कुठे गेले विचारेल आणि तुम्ही विनाकारण अडचणीत याल. २१,६०० − (८,००० + १,५००) लिहा, नाहीतर दोन्ही खर्चांच्या आधी वजा टाका

डी-४०२ वहिनी: म्हणूनच आमच्या पिंकूचं २४ ÷ ४ × २ चुकलं वाटतं, तिने गुणाकार आधी करून ३ लिहिलं

बी-२०४ ताई: हो वहिनी तेच, भागाकार गुणाकार पण एका पायरीवर, ६ × २ = १२. तीन हवे असतील तर २४ ÷ (४ × २) लिहावं लागतं. आरतीनंतर पाठवा तिला माझ्याकडे

ए-१०१ काका: नोटीस बोर्डवर हे लावतो
३६ × (५०० + १००) − (८,००० + १,५००) = १२,१००

बी-२०४ ताई: हां 👍 आता कोणीही वाचलं तरी १२,१०० च येणार