'द मोस्ट डेंजरस गेम'मधला जनरल झारॉफ: इतका सभ्य माणूस स्टेजवर उभा करायचा कसा?

नेपथ्यातला

नमस्कार मंडळी,

रिचर्ड कॉनेलची ही कथा इथल्या बऱ्याच जणांनी कॉलेजात वाचलेली असणार. 1924 साली 'कॉलियर्स' साप्ताहिकात आली होती. आमचा ग्रुप तिच्यावरून एकांकिका बसवतोय आणि झारॉफ माझ्या गळ्यात पडलाय. आजवर मी लाइट्स सांभाळायचो. उंची आणि मिशा बघून दिग्दर्शकाने पुढे ढकललं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रेन्सफर्ड हा नावाजलेला अमेरिकन शिकारी रात्री बोटीवरून कॅरिबियन समुद्रात पडतो आणि पोहत एका बेटावर पोचतो. तिथे भल्याथोरल्या वाड्यात झारॉफ नावाचा रशियन जनरल राहतो. तो पाहुण्याला कपडे देतो, उत्तम जेवण घालतो आणि गप्पांच्या ओघात सांगून टाकतो की जनावरं मारून मारून मला कंटाळा आला, म्हणून हल्ली मी माणसांची शिकार करतो.

माझा घोटाळा नेमका इथेच आहे. हे वाक्य जवळ आलं की माझा आवाज आपोआप खर्जात जातो, भुवया वर चढतात आणि समोर बसलेली पोरं फिस्सकन हसतात. दिग्दर्शक म्हणतो, "तू व्हिलन करतोयस. तो यजमान आहे." कबूल. पण नुसता यजमान केला तर भीती वाटणार कुठून? त्याची सभ्यता हा मुखवटा धरायचा का? की माणूस वेडाच आहे? आणि ग्रुपमध्ये दुसरी टूम निघालीय की त्याला आपल्याकडचा शिकारी संस्थानिक करून टाकू, म्हणजे प्रेक्षकांना जवळचा वाटेल. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

शेवटचा बाक

मी ही कथा अकरावीला वर्षानुवर्षं शिकवलीय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

मुखवटा हा शब्द आधी डोक्यातून काढा. मुखवटा असेल तर कधीतरी तो गळून पडायला हवा. झारॉफचा कुठे पडतो सांगा. शेवटी झोपायच्या खोलीत रेन्सफर्ड पडद्यामागून बाहेर येतो, आता दोघांतला एक जण मरणार हे कळतं, तरी हा गृहस्थ कमरेत वाकून अभिवादन करतो आणि "वा, फारच छान" अशा सुरात बोलतो. जो हरेल तो कुत्र्यांच्या तोंडी आणि जो जिंकेल तो या बिछान्यात, हेही तो तशाच शांतपणे ठरवून टाकतो. म्हणजे आत दुसरा, 'खरा' झारॉफ लपलेला नाहीच. तुम्ही त्याला शोधताय, म्हणून भुवया वर जातायत.

जेवणाचा प्रसंग पुन्हा वाचा. पानात काय वाढलंय ते सोडा, झारॉफ कुठे बघतोय तेवढंच वाचा. फेटलेलं क्रीम घातलेलं लाल बोर्श्ट सूप आहे, लंडनच्या बड्या शिंप्याने शिवलेला कोट पाहुण्याच्या अंगावर आहे, टेबलावरचा कपडा, काच, चांदी सगळं उंची. रेन्सफर्ड मनातून खूश. पण ताटावरून मान वर केली की दर वेळी जनरल त्याच्याकडेच बघत असतो, जोखत असतो. बैलबाजारात मुरलेला गिऱ्हाईक गप्पा धन्याशी मारतो आणि डोळे बैलाच्या खुरांवर ठेवतो, तसे हे डोळे आहेत. शिकार सुपापासूनच सुरू झालीय. फक्त हे अजून एकालाच ठाऊक आहे.

आणि लक्षात घ्या, त्या क्षणी त्याला रेन्सफर्डला मारायचं नाहीये. त्याला जोडीदार हवाय! त्याने रेन्सफर्डचं तिबेटमधल्या हिमबिबट्यांच्या शिकारीवरचं पुस्तक वाचलंय. इंग्रजी, फ्रेंच, रशियन भाषांत शिकारीवर जे छापून येतं ते सगळं तो वाचतो. बेटावर बोलायला आहे कोण? नोकर इव्हान, तोही मुका-बहिरा. इतक्या दिवसांनी बरोबरीचा माणूस दारात उभा राहिलाय. त्याचा आनंद शंभर टक्के खरा आहे, म्हणून तुम्हीही तो खरा खेळा. 'मी माणसांची शिकार करतो' हे वाक्य धमकी म्हणून टाकायचंच नाही. एखादा गवई दुसऱ्या गवयाला "मला एक नवीन जोडराग सुचलाय, ऐकता का?" असं विचारेल, त्या उत्साहात टाका. पोरं हसायची थांबतात की नाही बघा.

अख्ख्या कथेत मला सगळ्यात भयंकर वाटतो तो दुसऱ्या दिवशीचा दुपारच्या जेवणाचा प्रसंग. पहाटे रेन्सफर्डला जंगलात लांबवर पिस्तुलाचा बारीक आवाज आलेला असतो. दुपारी जनरल ट्वीडच्या कपड्यांत येतो आणि पाहुण्याच्या तब्येतीची विचारपूस करतो. मग तक्रार सुरू: काल मजा आली नाही, त्या खलाशाचं डोकंच चालेना, सरळ रेषेत पळाला, माग काढण्यात काही रसच उरला नाही, माझं जुनं दुखणं पुन्हा डोकं वर काढतंय. दुखणं म्हणजे कंटाळा. आणि हे सांगता सांगता क्रेप सुझेत (गोड फ्रेंच धिरडं) दुसऱ्यांदा वाढून घेतो. एकांकिकेत वेळ कमी म्हणून हा प्रसंग कापला असेल तर आधी तो परत घाला. हातातला चमचा थांबू द्यायचा नाही, एवढीच सूचना.

तसंच लाझारसचं. बेटाच्या एका टोकाला दलदल आहे, तिकडे जाऊ नका असं तो रेन्सफर्डला काळजीने बजावतो. एक मूर्ख तिकडे पळाला होता, आणि वाईट म्हणजे लाझारस त्याच्या मागे गेला. लाझारस हा त्याचा सगळ्यात लाडका कुत्रा. माणूस दलदलीत गेला त्याचं काही नाही, कुत्रा गेला म्हणून गळा दाटतो. इथे खरंच गळा दाटू द्या.

राग त्याला एकदाच येतो. रेन्सफर्ड सुनावतो की संस्कृतीच्या गप्पा मारता आणि माणसांवर गोळ्या झाडता. तेव्हा काळ्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकतं आणि लगेच तो जास्तच गोड होतो. तो एक क्षण सांभाळा. बाकी कुठेही रागावू नका.

वेडा? केप म्हशीने धडक देऊन त्याची कवटी फोडली होती हे वाचून मुलं दर वर्षी हात वर करायची, "मॅडम, डोक्याला मार लागला म्हणून!" मी त्यांना पुढच्या परिच्छेदाकडे पाठवायचे. पाच वर्षांचा असताना बापाने मॉस्कोत खास बनवून घेतलेली छोटी बंदूक दिली, चिमण्या मारायला. पोराने बापाच्या नावाजलेल्या टर्की मारल्या. बापाने शिक्षा केली नाही, नेमबाजीचं कौतुक केलं. दहाव्या वर्षी कॉकेशसमध्ये पहिलं अस्वल. डोकं फुटलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

राहिला संस्थानिक. नका करू. आपल्या संस्थानिकांची राज्यं गेली तरी तनखे 1971 पर्यंत चालू होते, वाडे होते, मुजरे घालणारी माणसं होती. झारॉफचं सगळंच गेलंय. बापाची क्रिमियात अडीच लाख एकर जमीन होती, आणि नोव्हेंबर 1920 मध्ये बोल्शेविकांशी लढणाऱ्या सेनापती व्रँगेलचं उरलंसुरलं सैन्य त्याच क्रिमियातून बोटींत बसून पळालं. बऱ्याच रशियन सरदारांचं सगळं गेलं, पण आपल्याला पॅरिसमध्ये टॅक्सी चालवावी लागणार नाही, असं तो स्वतःच हिणवून सांगतो. याने वेळेत अमेरिकन रोख्यांत पैसा घातला म्हणून वाचला. ज्या समाजासाठी या रीतीभाती होत्या तो समाज संपला, आणि हा निर्जन बेटावर रोज त्या पाळतोय. हे वजन दुसऱ्या कुणाला चढवता येणार नाही.

उलटा डाव

बाईंचा प्रतिसाद भारी. एका बाबतीत मात्र वाद घालतो. तुम्ही त्याला फार मोठा केलात. माझ्या मते झारॉफ हा रडीचा डाव खेळणारा माणूस आहे आणि स्टेजवर तेच दिसायला हवं.

नियम बघा. भक्ष्याला कपडे, अन्न, सुरा आणि तीन तासांची आघाडी. जनरलकडे अगदी लहान पल्ल्याचं पिस्तूल. तीन दिवस सापडला नाहीस तर तू जिंकलास. ऐकायला काय खिलाडूपणा! पण 'नाही म्हटलं तर?' याचं उत्तर इव्हान आहे, जो पूर्वी झारच्या पदरी चाबकाने फोडून काढायच्या कामावर होता. आणि एकदा एक जण जवळजवळ जिंकला होता, तेव्हा काय केलं? कुत्रे सोडले. हे तो स्वतःच सांगतो, लाजही वाटत नाही.

रेन्सफर्डच्या बाबतीतही तेच. त्याने लावलेल्या मलायी सापळ्याने जनरलचा खांदा दुखावला तेव्हा तोंडभर अभिनंदन. बर्मी खड्ड्यात चांगला कुत्रा मेला तेव्हाही "मजेत गेली संध्याकाळ, धन्यवाद". आणि लगेच पुढचा बेत काय, तर अख्खी टोळी आणणार. रेन्सफर्ड कड्यावरून समुद्रात उडी मारतो तेव्हा साहेब घरी जाऊन पॉल रॉजे शँपेनची बाटली आणि अर्धी बाटली शांबर्तँ वाइन घेऊन झकास जेवतात. सल दोनच. सापळ्यात मेलेल्या इव्हानसारखा नोकर पुन्हा मिळणं अवघड, आणि सावज निसटलं, म्हणजे अमेरिकन माणूस नियमाने खेळला नाही! मग मन शांत करायला मार्कस ऑरेलियस हा रोमन सम्राट-तत्त्वज्ञ वाचतात.

नेपथ्यातला, हे जेवण दाखवता आलं तर दाखवाच. एकही संवाद लागत नाही. टर्की मारूनही कौतुक झालेलं ते पोर तिथे बसलेलं दिसलं पाहिजे.

खाडीपलीकडे

दोन्ही प्रतिसाद वाचले. दोघेही जेवणाच्या टेबलापाशीच बसलाय. मी तळघरातून बोलतो.

झारॉफ शिकार कोणाकोणाची करतो त्याची यादी देतो: भटक्या मालवाहू जहाजांवरचे खलाशी, लास्कर, काळे, चिनी, गोरे, मिश्र रक्ताचे. अस्सल जातीचा घोडा किंवा कुत्रा यांच्यातल्या वीस जणांपेक्षा मोलाचा, हेही सांगतो. हे लास्कर म्हणजे कोण? आमच्या घरातली माणसं. पणजोबा मुंबईहून आगबोटीवर जायचे, डेकवर. त्या काळी इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर डेकला रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खूप मुसलमान खलाशी असत आणि सलूनमध्ये (प्रवाशांच्या दालनात), भटारखान्यात गोव्याचे. गोव्याच्या मंडळींच्या धोबीतलावच्या कुडी (गावकऱ्यांच्या उतरायच्या जागा) तर इथल्या मुंबईकरांना माहीत असतील. मी कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा सूप आणि शँपेन सगळं वाहून गेलं, ती यादी तेवढी राहिली.

आता त्याच यादीच्या बाजूने झारॉफ बघा. समुद्रात खडकांवर तो खोटे दिवे लावतो. जिथे वाटच नाही तिथे वाट आहे असं दाखवायचं, बटण दाबलं की झालं. जहाज फुटतं, वाचलेले पोहून येतात, त्यांना तळघरात ठेवून खायला घालतो, व्यायाम देतो. त्याला तो 'शाळा' म्हणतो. त्या वेळी तिथे डझनभर जण आहेत, सान लुकार नावाच्या स्पॅनिश जहाजावरचे. त्यांच्याशी तो बोर्श्टच्या गप्पा मारत असेल का? सभ्यता फक्त वरच्या मजल्यावर आहे. रेन्सफर्डने पुस्तक लिहिलंय म्हणून त्याला खुर्ची मिळाली.

मला खटकतं ते वेगळंच. रेन्सफर्ड शेवटी त्याच मऊ बिछान्यात झोपतो आणि कथा संपते. तळघरातल्यांचं पुढे काय झालं, लेखकाने एक ओळ खर्चली नाही. तुमच्या नाटकात तळघर असू द्या बुवा. माणसं नको, नुसता खालून भांड्याचा आवाज आला तरी पुरे. आणि ती यादी म्हणताना झारॉफने अजिबात विष ओतू नये. सहज, वाइन ओतत म्हणावी.

नेपथ्यातला

तिघांचे मनापासून आभार. काल तालमीत गवयासारखं म्हणून बघितलं. कोणी हसलं नाही, उलट रेन्सफर्ड करणारा मुलगा त्याचं वाक्य विसरला. संस्थानिक रद्द. तळघराचा आवाज दिग्दर्शकाने लगेच उचलला, स्टीलचं ताट आणि साखळी घेऊन प्रयोग चालू आहेत. यादीचं वाक्य संहितेत 'खलाशी वगैरे' असं उरकलं होतं, ते पूर्ण केलं.

शेवटाचं मात्र भांडण चालू आहे. रेन्सफर्डला विजयी दाखवायचं की नाही?

शेवटचा बाक

@खाडीपलीकडे, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसले होते. शिकवताना त्या यादीवर मी कधी थांबले नव्हते.

@नेपथ्यातला, सुरुवातीला बोटीवर मित्र म्हणतो की जग्वारला भीती कळत असेल. रेन्सफर्ड त्याला उडवून लावतो: जगात दोनच वर्ग, शिकारी आणि सावज, आणि सुदैवाने आपण शिकारी. हे वाक्य झारॉफच्या तोंडी सहज खपलं असतं. ते पहिल्या दोन मिनिटांत ठळक येऊ द्या. मग शेवटी त्याला फक्त बिछान्यावर बसवा, चादरीचं कापड हाताने बघू द्या. विजयी की नाही ते प्रेक्षक बघून घेतील.

अजून एक, तुम्ही लाइट्सवाले आहात म्हणून सुचवते. झारॉफची सिगारेट लांब, काळी, टोकाला चांदी आणि वास धुपासारखा. पहिल्या रात्री रेन्सफर्ड झाडावर लपतो तेव्हा जनरल खाली थांबतो. नजर खोडावरून वर वर सरकते आणि तो बसलाय त्या फांदीच्या अलीकडे थबकते. मग हसून धूर सोडतो आणि निघून जातो. तो धूर वर रेन्सफर्डच्या नाकापर्यंत पोचतो. जेवणाच्या प्रवेशात विंगेत ऊद जाळा. पुढे अंधारात नुसता वास आला तरी जनरल जवळपास आहे हे पहिल्या चार रांगांना कळेल.

नेपथ्यातला

कसली जबरदस्त कल्पना! पण हॉलवाले विंगेत निखारा ठेवू देत नाहीत. अगरबत्तीवर भागेल का?

उलटा डाव

अगरबत्ती नको, मोगऱ्याचा वास आला की सत्यनारायण वाटेल. इलेक्ट्रिक धूपदाणी मिळते, निखारा लागत नाही. फक्त आधी रिकाम्या हॉलमध्ये पंखे चालू ठेवून बघा, नाहीतर सगळा वास मेकअप रूममध्ये जायचा.