मदत हवी आहे : शोधनिबंध स्वीकारला गेला, पण प्रकाशन शुल्क भरणे शक्य नाही

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी बालाघाटच्या माळरानांवर काम करते. अतिचराई झालेल्या माळावर पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवते मागे पडून कुसळी गवत कसे वाढते, यावरचा तिचा शोधनिबंध एका परदेशी, पूर्णतः मुक्त प्रवेश असलेल्या (म्हणजे वाचकांना मोफत, पण लेखकाकडून शुल्क घेणाऱ्या) नियतकालिकाने नुकताच स्वीकारला. आता सुमारे दोन हजार डॉलर, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या घरातील शुल्क महिनाभरात भरायचे आहे. ती तासिका तत्त्वावर शिकवते आणि तेवढे मानधनही वेळेवर हाती पडत नाही. महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात अशा खर्चाचे लेखाशीर्षच नाही.

शुल्कमाफीचा अर्ज आम्ही निबंध पाठवतानाच केला होता. तो नाकारताना प्रकाशकाने कळवले, की सवलत लेखकाची परिस्थिती पाहून नव्हे, तर देश पाहून दिली जाते. जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात असला, तरी या गटाला मिळणारी निम्म्या शुल्काची सवलत 200 अब्ज डॉलरपेक्षा मोठी अर्थव्यवस्था असलेल्या देशांना लागू होत नाही, आणि आणखी काही मोठ्या प्रकाशकांचा नियमही असाच आहे. देश मोठा म्हणून तालुक्याच्या गावात तासिकेवर शिकवणाऱ्या मुलीने युरोपातील श्रीमंत विद्यापीठाइतकेच पैसे मोजावेत, हा मला उघड अन्याय वाटतो.

परीक्षणाच्या वेळीही एका परीक्षकाने विषय स्थानिक वाटतो म्हणून शीर्षकातून जिल्ह्याचे नाव काढायला लावले, तर दुसऱ्याने इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून भाषा तपासून घ्या असे लिहिले, पण खटकणारे एकही वाक्य दाखवले नाही. ते सारे तिने निमूटपणे पार पाडले. म्हणूनच आता केवळ पैशांपायी हे काम अडकू नये, असे मनापासून वाटते.

जाणकारांना विचारायचे ते असे. स्वीकृतीनंतर शुल्काच्या कारणाने निबंध मागे घेतला, तर प्रकाशन नैतिकतेच्या दृष्टीने काही अडचण येते का, आणि मिळालेले परीक्षण अहवाल दुसऱ्या नियतकालिकाकडे सोबत जोडता येतात का? नियमात बसत नसतानाही संपादकांना थेट पत्र लिहून विशेष बाब म्हणून माफी मिळाल्याचा कोणाला अनुभव आहे का? उच्च शिक्षण संस्थांना संशोधन नियतकालिके वाचायला मिळावीत म्हणून केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली. तिच्यात निवडक नियतकालिकांच्या प्रकाशन शुल्कासाठीही निधीची तरतूद जाहीर झाली होती. संलग्न महाविद्यालयातील कोणाला तो प्रत्यक्ष मिळाला असेल, तर अर्ज कोणामार्फत केला हे कृपया सांगावे.

वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकात लेखकाला सहसा शुल्क पडत नाही आणि भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकेही लेखकांकडून शुल्क घेत नाहीत, हे मला माहीत आहे. तथापि गवताळ परिसंस्थांच्या क्षेत्रीय अभ्यासाला तिथे किंवा अन्य विनाशुल्क नियतकालिकात कितपत स्थान मिळते आणि निर्णयाला साधारण किती काळ लागतो, हे तिथे लिहिलेल्यांकडून समजले तर बरे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केल्यामुळे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत कोणते नियतकालिक ग्राह्य धरतात याबाबतही संभ्रम आहे.

कमी पैशांत लगेच छापून देणाऱ्यांचे ईमेल तिला रोज येतात. तो मार्ग आम्हाला नको आहे. निबंध मागे घेण्याचे पत्र मी तूर्त थांबवले आहे, त्यामुळे शुल्काची मुदत संपण्यापूर्वी मार्गदर्शन मिळाले तर आभारी राहीन.