‘लूट चालवा आणि खेळा’: स्कायरिमला मॉड लावणाऱ्या नव्या लोकांना दिलेला एक वाईट सल्ला

कोष्टी

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेले बदल, टाकणाऱ्या नवख्यांना काल सुसाट यांनी चार ओळींत मोक्षमार्ग दाखवला: “स्कायरिम स्पेशल एडिशन घ्या, आवडतील ते मॉड टाका, लूटचं सॉर्ट बटण दाबा, लाल इशारा नसेल तर खेळायला बसा. एक्सएडिटवाले उगाच बाऊ करतात.” खाली अंगठ्यांची रांग लागली. तिथे उत्तर देऊन ते वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

लूट हे मॉड कोणत्या क्रमाने लोड व्हावेत ते ठरवणारं साधन. ते क्रम लावतं, जुळवून देत नाही. मास्टरलिस्ट या त्याच्या यादीतले नियम आणि प्रत्येक प्लगिनचे (मॉडच्या डेटा-फाइलचे) मास्टर, म्हणजे ती ज्यांच्यावर उभी आहे त्या फाइल, बघून कोण वर, कोण खाली, एवढंच त्याचं काम. दोन मॉडनी एकाच रेकॉर्डला, म्हणजे खेळातल्या एका गोष्टीच्या नोंदीला, हात घातला असेल तर शेवटी लोड होणारा ते रेकॉर्ड अख्खं घेऊन जातो. नुसती स्वतः बदललेली ओळ नाही, अख्खं.

खेळातल्या व्हाइटरन शहरातली बॅनर्ड मेअर घ्या. ही खानावळ म्हणजे एक सेल, खेळाच्या जगाचा एक तुकडा. उजेडाच्या मॉडने तिच्या एक्ससीएलएल या भागात सभोवतालचा प्रकाश मंद केला, लायटिंग टेम्प्लेट बदललं आणि आपले नवे दिवे टांगले. आवाजाच्या मॉडने त्याच सेलमध्ये फक्त एक्ससीएएस, म्हणजे आवाज कसा घुमतो ती नोंद बदलली. उजेडाशी त्याचं देणंघेणं नाही, पण त्याने मूळ खेळातलं रेकॉर्ड उचललं असल्यामुळे जुन्या प्रकाशाचे आकडे त्याच्या पोटात तसेच आहेत. तो खाली लोड झाला की सभोवतालचा प्रकाश पुन्हा जुना. दिवे मात्र जातच नाहीत, कारण ती वेगळी रेकॉर्डं. मूळ उजेड अधिक नवे दिवे, म्हणजे खानावळीत लग्नाचा मांडव. क्रम उलटा केलात तर उजेड बरोबर, आवाज गेला. लूट दोन्ही वेळा हिरवंगार.

इलाज असा. एसएसईएडिट (एक्सएडिटचंच स्कायरिमसाठीचं रूप, रेकॉर्ड उघडून बदलायचं साधन) एमओ २, म्हणजे मॉड सांभाळणाऱ्या मॉड ऑर्गनायझर २, च्या आतूनच उघडा, बाहेरून उघडलंत तर त्याला एकही मॉड दिसणार नाही. सगळे प्लगिन लोड करून त्या सेलवर जा. जिंकणाऱ्या रेकॉर्डवर राइट क्लिक, ‘कॉपी ॲज ओव्हरराइड इनटू’, ईएसएल (हलक्या प्लगिनच्या) खुणेची नवी ईएसपी, म्हणजे प्लगिन-फाइल. मग उजेडाच्या मॉडच्या रकान्यातून एक्ससीएलएल आणि टेम्प्लेट या दोन गोष्टी नव्या रकान्यात ओढून टाका. सेव्ह. पाच मिनिटं.

सुसाट

पाच मिनिटं एका सेलला. तीनशे मॉडच्या यादीत असे किती निघतील ते पण सांगा की. खेळायचं कधी, निवृत्तीनंतर?

माझा सल्ला तीस-चाळीस मॉडवाल्यांसाठी होता. ज्याला चारशे हवेत त्याने वाबाजॅक या मॉड आपोआप लावून देणाऱ्या साधनाची तयार यादी घ्यावी, तिच्यात असे जुळवणीचे पॅच आधीच करून ठेवलेले असतात. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कोणीतरी बसलंय तर आयत्या खा ना.

रात्रपाळी

“तीस-चाळीस मॉड” हे शब्द कालच्या पोस्टमध्ये कुठेही नव्हते. आता आले, बरं झालं.

तयार यादीचं पुराण अर्धंच सांगितलंत. नेक्सस या मॉडच्या साइटचं पैसे भरलेलं खातं नसेल तर प्रत्येक फाइलला हाताने क्लिक करायचं. बाराशे फाइल असतील तर बाराशे वेळा. जागा दुप्पट, कारण उतरवलेल्या झिप वेगळ्या आणि लावलेले मॉड वेगळे. त्यात स्वतःचा एक मॉड वाढवला की लेखक हात वर करतात, आणि ते बरोबरच आहे. यादीची मोठी नवी आवृत्ती आली की बहुतेक वेळा नवा सेव्ह.

पण खरं घोडं पेंड खातं ते खेळाच्या आवृत्तीत. ११ नोव्हेंबर २०२१ ला ॲनिव्हर्सरी अपडेट आलं आणि खेळाच्या १.५.९७ आवृत्तीसाठी बनलेली सगळी डीएलएल (थेट खेळाच्या प्रोग्रॅमला जोडले जाणारे मॉड) एका रात्रीत निकामी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये १.६.११३०, लगेच जानेवारीत १.६.११७०. ती डीएलएल चालवणारं एसकेएसईही वेगवेगळं: १.५.९७ ला २.०.२०, १.६.११७० ला २.२.६. डीएलएलना लागणाऱ्या ॲड्रेस लायब्ररीच्याही दोन वेगळ्या फाइल. आणि स्टीमऐवजी गॉग या ऑनलाइन दुकानातून खेळ घेतलेला असेल तर एसकेएसईचं गॉगचंच बिल्ड घ्यायचं, स्टीमचं चालत नाही. हे न सांगता “आवडतील ते मॉड टाका”?

जुन्या १.५.९७ वर उतरा, स्टीमला ‘फक्त सुरू करताना अपडेट कर’ सांगा, खेळ कायम एसकेएसईच्या लोडरने उघडा. डोक्याला ताप नाही.

बोरूबहाद्दर

१.५.९७ संप्रदायाची दिंडी पोचली. विठ्ठल विठ्ठल.

डोक्याला ताप नाही म्हणे. १.६.११३० पासून हलक्या प्लगिनचं हेडर (फाइलच्या सुरुवातीची आवृत्तीची नोंद) १.७१ झालं, एका ईएसएलमध्ये २०४८ ऐवजी ४०९६ रेकॉर्डं मावतात. नवे मॉड त्याच हेडरने सेव्ह होतात. तुमच्या लाडक्या आवृत्तीला ते वाचताच येत नाही. ‘बॅकपोर्टेड एक्सटेंडेड ईएसएल सपोर्ट’ टाका, तेव्हा कुठे चालतं. अनऑफिशियल पॅच या चाहत्यांच्या दुरुस्ती-मॉडचंही तेच: ४.२.५बी वर अडकून बसा, कारण ४.२.६ पासून खेळ बनवणाऱ्या बेथेस्डाच्या क्रिएशन क्लबच्या चार फुकट फाइल हव्यात. नाहीतर फक्त एक्झी (खेळ चालवणारी फाइल) जुन्या आवृत्तीवर उतरवून मास्टर नवे ठेवा, ‘बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’. म्हणजे उतरूनही अर्धं वरच. आगीतून फुफाट्यात.

चकलीचा साचा

आवृत्ती, पॅच, सगळं ठीक. पण नवखा माणूस पहिल्याच दिवशी जे करतो त्याबद्दल कोणी बोलतच नाही: ४के टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवायची भलीमोठी चित्रं.

हिशोब करा. ४०९६ × ४०९६ चं बीसी७ (दाबून साठवलेलं) टेक्स्चर म्हणजे पिक्सेलला एक बाइट, १६ एमबी. मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान प्रती) धरून २१ च्या वर. एका दगडाला रंगाचं एक आणि नॉर्मल मॅपचं (खडबडीतपणाचं) एक, झाले ४३ एमबी. तोच दगड २के मध्ये ११ च्या आत. ४ जीबी व्हीरॅमच्या (ग्राफिक्स कार्डच्या मेमरीच्या) लॅपटॉपवर खेळातल्या रिव्हरवुड गावाचं एक वळण घेतलं की झटके सुरू, आणि मग हे लोक विचारतात “कोणता मॉड कॉन्फ्लिक्ट करतोय?” एकही नाही हो. तुमचा कोबी ४के आहे. डोंगर आणि रस्ते २के, भांडीकुंडी १के. ज्याला नाक लावून कोबी बघायचाय त्याने बघावा.

कोष्टी

कोबीचं मान्य. पण हा धागा जुळवण्याबद्दल आहे.

झाडूवाला

जुळवण्याबद्दल आहे आणि पायाच विसरलात. मास्टर, म्हणजे खेळाच्या मूळ फाइल, साफ कोण करणार? एसएसईएडिटचं क्विकऑटोक्लीन घ्या. अपडेट, डॉनगार्ड, हार्थफायर्स, ड्रॅगनबॉर्न, याच क्रमाने, एका वेळी एक. लूट स्वतः दाखवतं की घाण, म्हणजे फालतू किंवा धोक्याच्या नोंदी, आहे. घाणेरड्या पायावर तीनशे मॉड रचायचे आणि मग पॅचवर निबंध लिहायचे, याला काय म्हणावं.

अर्धा ड्रॅगन

आले झाडू घेऊन. दहा वर्षं हीच शिळी कढी.

आयटीएम म्हणजे मास्टरशी तंतोतंत सारखं रेकॉर्ड. ते नडतं कधी? प्लगिन खाली असेल आणि त्याने मधल्या मॉडचे बदल पुसले तर. डॉनगार्ड कुठे लोड होतो? स्कायरिम आणि अपडेटच्या लगेच खाली. त्याचं आयटीएम फार तर अपडेटचा बदल परतवेल, आणि त्यावर अनऑफिशियल पॅच बसतोच. डॉनगार्डच्या आयटीएममुळे खेळ बंद पडल्याचा एक क्रॅश लॉग दाखवा. एक.

झाडूवाला

आणि यूडीआर, म्हणजे डिलीट केलेल्या वस्तूंच्या नोंदी? बेथेस्डाने काही वस्तू बंद करण्याऐवजी सरळ डिलीट केल्या आहेत. एखाद्या मॉडने नेमकी तीच वस्तू हलवली की खेळ बंद पडून थेट डेस्कटॉपवर. क्विकऑटोक्लीन ती वस्तू परत आणतं, जमिनीच्या ३०,००० युनिट खाली ढकलतं आणि निष्क्रिय करून ठेवतं. हे पण शिळं का? अर्धवट माहितीवर लोकांना “गरज नाही” सांगू नका. आयडीतच अर्धा आहात म्हणून तेवढंच वाचायचं असं नाही.

अर्धा ड्रॅगन

आयडीवर उतरलात म्हणजे मुद्दे संपले.

यूडीआरचं कधीच नाकारलं नव्हतं. पण तुमची आरोळी काय असते? “१६० आयटीएम! साफ करा!” यूडीआरसाठी साफ करा म्हणा, सही करतो. बाकी तुमच्या झाडूने काय काय मोडतं ते ऐका:

एक, काही पॅचमध्ये मूळ किंमत मुद्दाम परत आणलेली असते, दुसऱ्या मॉडचा बदल रद्द करायला. तो दुसरा मॉड पॅचच्या मास्टर-यादीत नसेल तर एक्सएडिटला ते साधं आयटीएम दिसतं आणि उडतं. म्हणून दिसेल तो प्लगिन घासत सुटायचं नसतं.

दोन, डिलीट झालेले नॅव्हमेश (पात्रांनी कुठून चालायचं त्याचे नकाशे). ते आपोआप साफ होतच नाहीत, हाताने दुरुस्त करावे लागतात. क्रॅशचं मोठं कारण तेच, आणि तिथे तुमचं बटण चालत नाही.

तीन, साफ केलेली अपडेट.ईएसएम लोक एमओ २ मध्ये ‘साफ मास्टर’ नावाच्या मॉडमध्ये ठेवतात आणि विसरतात. खेळ १.६.११७० वर गेला तरी वर तीच जुनी अपडेट बसलेली. खेळ नवा, मास्टर जुना. मग शोधत बसा.

झाडूवाला

तिसरा दोष झाडूचा की विसरणाऱ्याचा? मूळ डेटा फोल्डरमध्ये साफ केलं तर स्टीमच्या ‘व्हेरिफाय’ने घाण परत येते, म्हणून वेगळ्या मॉडमध्ये ठेवतात. खेळ अपडेट झाला की तो मॉड काढायचा, नवे मास्टर साफ करायचे. मिळून दहा मिनिटं. नॅव्हमेशचं म्हणाल तर बरोबर आहे, पण ते मी नाकारलंच कुठे?

बोरूबहाद्दर

दोघांनीही काहीच नाकारलेलं नाही आणि तरी वीस प्रतिसाद झाले असते. वा.

पोपटी

मध्येच विचारतो, माफ करा. लीडिया या खेळातल्या सोबतिणीचा चेहरा काळाकुट्ट आणि मान गोरी दिसते आहे. लूट चालवलं, लाल काही नाही. मास्टर साफ करू का?

अर्धा ड्रॅगन

बघा, झाडूवाले. ही तुमची कमाई.

रात्रपाळी

पोपटी, यांच्याकडे लक्ष देऊ नका. मास्टरचा काही संबंध नाही.

चेहऱ्याचे दोन भाग असतात. एक प्लगिनमधलं एनपीसी (खेळातल्या पात्राचं) रेकॉर्ड, दुसरा आधीच भाजून ठेवलेला चेहरा: मेशेस, ॲक्टर्स, कॅरेक्टर, फेसजेनडेटा, फेसजिऑम, स्कायरिम.ईएसएम या फोल्डरमध्ये ०००ए२सी८ई.एनआयएफ. हा लीडियाचा बेस आयडी (पात्राच्या मूळ नोंदीचा), रेफरन्स आयडी (जगात उभ्या असलेल्या तिच्या प्रतीचा) नव्हे. तो वेगळा, ए२सी९४. रेकॉर्ड एका मॉडचं जिंकलं आणि फाइल दुसऱ्याची जिंकली की तोंड काळं. एमओ २ मध्ये फाइल डावीकडच्या यादीवरून ठरते, प्लगिन उजवीकडच्या. लूट फक्त उजवी बाजू हलवतं, डावीकडे त्याचा हातच पोचत नाही.

कन्सोल उघडून लीडियावर क्लिक करा. ‘मोअर इन्फर्मेटिव्ह कन्सोल’ असेल तर तिच्यावर हात फिरवणारे प्लगिन ओळीने दिसतील. ज्याचा चेहरा हवा तो दोन्हीकडे खाली पाहिजे. एवढ्यासाठी अख्खा मॉड हलवायचा नसेल तर नको असलेल्या मॉडमधली ती एनआयएफ (चेहऱ्याचा आकार) आणि त्याच नावाची डीडीएस (चेहऱ्याचा रंग) ‘हाइड’ करा. उलट बाजूने, चेहरा हवा पण खालच्या मॉडचे आकडे आणि कौशल्यंही हवीत, तर पॅचमध्ये हेड पार्ट, केसांचा रंग, क्यूनॅम (त्वचेचा रंग), चेहऱ्याचे मॉर्फ, टिंट आणि वजन ओढून घ्या. वजन विसरलात तर गळ्याशी फट दिसते.

आणि हो, जागा वाचवायला कोणी “फॉर्म आयडी कॉम्पॅक्ट करून ईएसएल करा” म्हटलं तर स्वतःचे नवे एनपीसी आणणाऱ्या मॉडला ते करू नका. चेहऱ्याच्या आणि आवाजाच्या फाइलींची नावं आयडीवरूनच असतात. आयडी बदलले की काळी तोंडं आणि मुके लोक. चालू सेव्हमध्ये नुसती ईएसएल खूण लावली तरी आयडी हलक्या प्लगिनांच्या एफई या घरात जातो आणि सेव्हला तो मॉड ओळखू येत नाही.

पोपटी

दोन्हीकडे खाली घेतला. गोरी झाली. आभार.

सुसाट

लूटला डावी बाजू दिसत नाही हे कालच्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, लिहितो. आयटीएम-यूडीआरची कुस्ती लिहिणार नाही, नवखा पळून जाईल.

बॅनर्ड मेअरचा तो पॅचही करून बघितला. दोन ओळी ओढल्या. उजेड मंद आला, आवाजही घुमतोय. तरी बाऊ तो बाऊच. मगाशी शेवटचं एकदा लूट फिरवलं आणि आता झोपतो.

कोष्टी

पॅच बनवल्यानंतर लूट फिरवलंत? उजवीकडे बघा तो कुठे गेलाय. आवाजाच्या मॉडचं रेकॉर्ड कॉपी केलंत आणि उजेडाचे नुसते आकडे ओढलेत, तर उजेडाचा मॉड त्याच्या मास्टर-यादीत आलेला नसतो, आणि तो पॅचच्या खाली गेला तर लूटची काही तक्रार नसते. एसएसईएडिटमध्ये पॅचवर राइट क्लिक, ‘ॲड मास्टर्स’, दोन्ही मॉडवर टिक करा, सेव्ह करा. मग झोपा.