गाडी आली की घरातून कोण धावतं?

इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं, आणि आपली कॉलर ताठ. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा असं सगळं घरातच वेगळं करायचं. पण कचरागाडीचं गाणं ऐकून डबे घेऊन धावतं कोण? परवा गल्लीत मोजलं. अकरा घरं : नऊ बायका, एक आजोबा, एक कामवाली ताई. आई झाल्यावर किंवा आईकडे बघताना जे काम कधी कामात धरलंच गेलं नाही, ते लिहा. उपदेश नको, प्रसंग लिहा.

सुदामा नगर, मुलगी दीड वर्षाची

माझी 26 आठवड्यांची रजा संपली आणि मी ऑफिसला लागले. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. त्याचा अलार्म माझ्या फोनमध्ये आहे. तो ऑफिसात वाजतो, मी घरी फोन करते, मग मोटर लागते. एकदा मीटिंगमुळे फोन सायलेंट होता. टाकी कोरडी, दुपट्यांचा ढीग तसाच. घरातली तीन मोठी माणसं एका सुरात म्हणाली, "तू फोनच केला नाहीस!" गंमत म्हणजे मलाही अपराधी वाटलं.

जुनं इंदूर, पंचाहत्तरी झाली

2011 च्या जनगणनेला मास्तर दाराशी आले. ह्यांनी सांगून टाकलं, "ये कुछ नहीं करतीं, घर पर रहती हैं." मी आत पायाने पाळण्याची दोरी ओढत मटार सोलत होते, पाच किलो. राग नाही आला हो, खरंच वाटलं की आपण काही करत नाही. नर्मदा 1978 ला आली, त्याआधी सार्वजनिक नळावर पहाटे रांग लावायचे, तेव्हाही असंच वाटायचं. पाळण्यातला तो नातूच आता हे टाइप करून देतोय. विचारतो, "आजी, मटारचे किती घेतले असतेस?"

राजेंद्र नगर, दोन मुलांचा बाप

सासूबाईंची बायपास होती, म्हणून बायको महिनाभर ग्वाल्हेरला. पोहे, डबे, गणवेश, सगळं जमलं, जरा फुशारकीही मारली. मग वसंत पंचमीला धाकटा एकटाच निळा शर्ट घालून गेला, बाकी वर्ग पिवळा. निरोप रात्री नऊला वर्गातल्या मुलांच्या आयांच्या ग्रुपवर आला होता. मला त्यात घ्या म्हटलं, तर ॲडमिन बाई अवघडल्या. "भैया, भाभी फॉरवर्ड कर देंगी ना." म्हणजे ग्वाल्हेरच्या आयसीयूबाहेर बसून बायको मला क्राफ्ट पेपरचे निरोप पाठवत होती. आणि मी समजत होतो, घर मी चालवतोय.

टिळक नगर

थोडं वेगळं मत. लेकाला भरवताना मी काम करत नव्हते, मला ते आवडायचं. त्याच वेळी सिंकमध्ये पडलेली भांडी मात्र कामच होती, आणि ती नावडतीच. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

धागा काढणारी (वरचा प्रश्न विचारणारी)

हो, पोतं एकच नको. सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणातही घरकाम आणि माणसांची देखभाल वेगळी धरतात. 2024 चे आकडे बघा : बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. 2019 ला हेच 299 आणि 97 होतं. म्हणजे बायकांची दहा कमी झाली, पुरुषांची नऊ! ही नोंद होते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत. सुदामा नगरचा अलार्म आणि पिवळ्या शर्टाचा निरोप कोणत्या रकान्यात बसवणार?

वैशाली नगर, बँकेत नोकरी

लिहू की नको करत होते. कामवाली ताई सातला येते, म्हणून मी बँकेत वेळेवर पोचते. सगळे म्हणतात, दोन मुलं सांभाळून कसं जमवतेस! जमवते ती ताई. तिच्या धाकट्याला तिची मोठी लेक सांभाळते, सातवीत आहे. मार्चमध्ये ताईने चार दिवस सुट्टी मागितली. माझं वर्षअखेर, कपाळाला आठी आली, म्हटलं, "अभी ही क्यों?"

लेकीचे पेपर होते.